टीपॉयवरची गोधडी

आमच्या घरातलं एकही पातेलं गोल नव्हतं. कुणाला कोपरा आलेला, कुणाचा काठ आत दबलेला, आणि एक तांब्या तर मान वाकडी करून असा बसायचा, जणू सगळ्या घरावर रुसलाय. पाहुणे आले की मी सांगायचे, गावाहून येताना ट्रकमध्ये चेपली. ट्रक येऊन दहा वर्षं झाली होती आणि पातेली दर महिन्याला नव्यानं चेपत होती. हे पाहुण्यांच्या लक्षात येत नाही, असं मला अगदी मनापासून वाटायचं. तरुणपणी मी स्वतःला फार हुशार समजायचे. आता त्या बाईचा विचार आला की हसू येतं, आणि हसून झालं की तिच्या कानाखाली एक द्यावीशी वाटते. म्हणजे बघा, सवय अजून गेलेली नाही.

सुरतेला गोडादऱ्यात आमची एक खोली. मागं ओटा, ओट्याच्या बाजूला मोरी, पुढं दार. नवरा मागावर कामाला. सुरतेत मागांच्या कारखान्याला खातं म्हणतात. खात्यात बारा तास माग खडखडतात, तिथं माणूस बोलत नाही, ओरडतो. घरी आल्यावरही त्याचा आवाज उतरत नसे. तो "मीठ दे" म्हणाला की कधीकधी शेजारीण मीठ घेऊन यायची. मी कुठल्या खात्यात गेले नव्हते, पण माझा आवाज त्याच्यापेक्षा चढा होता. तो जन्मजात.

आणि आम्ही नुसते ओरडत नव्हतो. तो मारायचा. ताट फेकायचा, थोबाडीत द्यायचा, केस धरून ओढायचा. माझ्या उजव्या हाताची करंगळी आजही सरळ होत नाही. पण ऐकणाऱ्यांनी आतापर्यंत इतकंच ऐकलंय, आणि मी इतकंच सांगत आले. पुढचं असं की मीही मारायचे. त्याच्या दंडावर माझ्या दातांची खूण तो जाईपर्यंत होती. तो फेकायचा तेव्हा नेम नसायचा, भिंतीला लागायचं. माझा नेम चांगला होता. लहानपणी कैऱ्या पाडून पाडून झालेला. आणि आधी कोण फेकायचं? आता खरं सांगायला हरकत नाही. ज्याच्याशी त्यावरून भांडायचं, तो भिंतीवर हार घालून गप्प बसलाय. निम्म्या वेळा मी.

आम्हाला एकच मुलगी. मारामारी सुरू झाली की ती गुपचूप दारामागं जाऊन उभी राहायची. मला वाटायचं, किती समजूतदार पोर आहे.

ती नऊ वर्षांची असतानाची आखाजी. अक्षयतृतीयेला आम्ही खानदेशी लोक आखाजी म्हणतो. लेकीबाळींचा सण. दारापुढच्या लिंबाला झोका बांधला होता. माझी थोरली बहीण, आक्का, चलथाणहून आली होती. तिचे यजमान तिकडं उसाच्या ट्रॅक्टरवर होते. मी खापरावर मांडे केले, आमरस केला. नवरा जेवायला बसला, रसाचं बोट चाटलं आणि म्हणाला, "रसात साखर घातलीय का साखरेत रस घातलाय?"

एवढंच. आज कुणी असं म्हणालं तर मी वाटीभर आणखी वाढीन. त्या दिवशी माझ्या हाताला फळीवरचा धोटा लागला.

धोटा म्हणजे मागावर आडवा धागा घेऊन इकडून तिकडं धावतो तो लाकडाचा तुकडा. लहानशा होडीसारखा, दोन्ही टोकांना लोखंडी चोच. कधीकधी तो मागावरून उडतो आणि समोर जो असेल त्याला लागतो. हा धोटा असाच उडून एकदा नवऱ्याच्या कानाला चाटून गेला होता. वाचलो म्हणून त्यानं तो घरी आणून देवासारखा फळीवर ठेवला होता. मी तो उचलला आणि फेकला.

नेम बरोबर होता. पण खात्यातल्या माणसाला एक सवय असते. हवेतून धोटा येताना दिसला की तो विचार करत नाही, बसल्या जागी खाली वाकतो. नवरा वाकला. मागं पोर झोक्यावरून उतरून घरात येत होती.

भुवईवर लागलं. आधी पांढरं दिसलं, मग रक्त. ती रडली नाही. तिनं हात लावून हाताकडं पाहिलं आणि मग माझ्याकडं.

दवाखान्यात तीन टाके पडले. मी डॉक्टरांना सांगितलं, झोक्यावरून पडली. त्यांनी जखम पाहिली, मला पाहिलं, नवऱ्याच्या गालावरचे ओरखडे पाहिले आणि म्हणाले, "झूलो बहु जोरथी वाग्यो, बेन." झोका फारच जोरात लागला म्हणे. शेजारणींना मात्र मी वेगळं सांगितलं. त्यांना म्हणाले, ह्यानं फेकला. त्याच्या हातून काहीही घडू शकतं हे सगळ्यांना पटलेलंच होतं. आणि तो? तो काही बोलला नाही. का बोलला नाही, हे मी त्याला कधी विचारलं नाही.

आक्कानं सगळं डोळ्यांनी पाहिलं होतं. संध्याकाळी तिनं पोरीचे कपडे पिशवीत भरले.

"पोर मी लई जास," ती म्हणाली.

"माझी पोर आहे, आक्का."

"तुना घरमा काचनी एक तरी वस्तू शे का? दखाड माले."

मी खोलीभर नजर फिरवली. पेले स्टीलचे. आरसा कधीच फुटलेला, मी पितळी डब्याच्या झाकणात बघून कुंकू लावायचे. देवाच्या तसबिरीची काच गेलेली, देव उघडाच. हातात बांगड्या प्लास्टिकच्या. सवाष्ण बाई असून मी काचेच्या घालत नव्हते, कारण भरल्या की चार दिवसांत मनगटात रुतायच्या.

"पुढली आखाजीलोंग एक काच टिकाडी दखाड," आक्का म्हणाली. "बारा महिने. मंग पोर तुनी."

म्हणजे पुढच्या आखाजीपर्यंत घरात एक काच अखंड राहिली, तरच पोर परत. मी आकांत केला, दार अडवलं, आक्काच्या हाताला चावायलाही गेले. तिनं मला अशी एक ठेवून दिली की मी उंबऱ्यावरच बसले. आमच्या माहेरचा हात आहे तो. पोर मावशीचा पदर धरून गेली. वळून पाहिलं नाही.

आता शहाण्या बाईनं काय केलं असतं? काचेचा एक पेला आणून धान्याच्या कोठीत पुरून ठेवला असता. बारा महिन्यांनी काढून दाखवला असता. पण मी शहाणी नव्हते, मी हुशार होते.

खात्याच्या शेठच्या बंगल्यावर मी साड्यांचे गठ्ठे पोचवायला जायचे. घरी बसून साड्यांचे सुटे धागे कापायचं काम आम्ही बायका करायचो. त्या बंगल्याच्या हॉलमध्ये मधोमध काचेचा टीपॉय होता. वर एक फुलदाणी, खाली गुळगुळीत गोटे. शेठाणी त्यावर चहाचा कप असा ठेवायची की आवाज यायचा नाही. त्या घरात कुणी ओरडत नव्हतं. मला वाटायचं, टीपॉयमुळंच.

हसू नका. मला खरंच असं वाटायचं. माणूस काचेशेजारी बसला की आपोआप हळू होतो. मोठी काच आणली की मोठी शांतता येईल. ठरलं, टीपॉयच घ्यायचा.

नवऱ्याला सांगितलं. तो भांडेल म्हणून मी तयारीत होते. तो म्हणाला, "चल."

काचवाल्याच्या दुकानात आम्ही दोघं गेलो. त्यानं तीन काचा दाखवल्या. एक हिरवट, एक धुरकट, एक अगदी पाण्यासारखी. मी पाण्यासारखीवर बोट ठेवलं आणि विचारलं, "कितना मार खाएगा?"

"कौन, बेन?"

"काच."

त्यानं बोटाच्या पेरानं काचेवर टकटक केलं. "आठ एमएम है. ऊपर हाथी मत बैठाना."

"हाथी घर में है," नवरा माझ्याकडं बघत म्हणाला.

मी त्याच्या बरगडीत कोपर मारलं. त्यानं माझी वेणी ओढली. मी त्याच्या पायावर पाय दिला. दुकानदारानं आधी दोन मोठे आरसे उचलून आत नेऊन ठेवले, मग आमच्या मध्ये पडला. चांगला धंदेवाला होता.

तो म्हणाला, कोपरे गोल करून देतो, घरात मूल असेल तर लागणार नाही. मी म्हणाले, नको, शेठाणीकडं टोकदार आहेत. घरात मूल नव्हतंच. हे मी त्याला सांगितलं नाही. पुढं ते कोपरे आम्हा दोघांच्याच मांड्यांत इतक्या वेळा घुसले की आमच्या मांड्यांवर एकाच उंचीला एकसारखे निळे डाग असायचे.

पाया नवऱ्यानं आणला. ताण्याचे हजारो धागे ज्याच्यावर गुंडाळतात तो लोखंडी बीम खात्यात मोडीत निघाला होता. त्याच्या दोन गोल तबकड्या आणि मधला नळीचा तुकडा त्यानं वेल्डिंगवाल्याकडून जोडून घेतला. उभा केला की डमरूसारखा दिसायचा. त्यानं त्याला चंदेरी रंग दिला, सायकलच्या ट्यूबचे चकत्यांसारखे तुकडे कापून वरच्या तबकडीवर चिकटवले आणि त्यावर काच ठेवली. मग मागं सरून कमरेवर हात ठेवून बघत राहिला. मला तो त्या क्षणी बरा वाटला. मी म्हणाले, "थोडा वाकडा आहे." तो म्हणाला, "तू बघतेस म्हणून."

टीपॉय आला, आता तो सजवायचा. मी शेठाणीसारखी पितळी फुलदाणी ठेवली, त्यात प्लास्टिकचे गुलाब. दुसऱ्याच दिवशी नवरा म्हणाला, घरात भाजी नाही आणि गुलाब आहेत. फुलदाणी त्याच्या खांद्याला लागली. काच वाचली ती नशिबानं. मी फुलदाणी उचलून ट्रंकेत टाकली. मग चिनीमातीचा हत्ती ठेवला. तो तीन दिवस राहिला. मग स्टीलची राखदाणी. ती त्यानं फेकली, माझ्या डोक्यावरून जाऊन दाराच्या फळीत खोक पाडून गेली. तेव्हा मला शहाणपण सुचलं, की काचेवर ठेवायची वस्तू दिसायला कशी आहे हे बघायचं नाही, हातात कशी बसते हे बघायचं. शेवटी टीपॉयवर क्रोशाचा रुमाल आणि दोन मोरपिसं एवढंच उरलं. मोरपीस फेकून बघा कुणाला. मी फेकून पाहिलं. दोघांचाही फार अपमान होतो.

आणि काचेखाली मी पोरीचा फोटो ठेवला. काच आणि तबकडी ह्यांच्यामध्ये मावेल एवढा, स्टुडिओत काढलेला. दोन वेण्या, लाल फ्रॉक, हसताना दात पडलेला. खोलीत कुठंही उभं राहिलं की ती खालून वर बघत असायची.

महिन्याभरात आक्का एकटी येऊन टीपॉय बघून गेली. पोरीला आणलं नाही. टीपॉयभोवती तीनदा फिरली, वाकून आपल्या कपाळावरची टिकली काढली आणि काचेच्या खालच्या अंगाला चिकटवली.

"काच बदलशील तर माले समजी जाई," ती म्हणाली.

"मी कशाला बदलीन, आक्का?" मी दुखावल्यासारखं तोंड केलं. ती गेल्या गेल्या बाजारात जाऊन तश्शाच टिकल्यांचं पाकीट आणून ठेवलं. असावं म्हणून.

पण ते पाकीट कधी फोडावं लागलं नाही, आणि त्याचं कारण गोधडी.

झालं असं. श्रावणाच्या आधी एकदा नवरा पाळी करून घरी आला. मागाचा धागा सारखा तुटत होता, शेठनं चारचौघांत शिव्या दिल्या होत्या. मी दार उघडायला वेळ लावला. त्यानं दारातच माझ्या तोंडावर मारलं. ओठ फुटला. मी मागं हात घातला तर पोळपाट मिळाला. तो उगारलेला, मी उगारलेली, आणि मध्ये टीपॉय. दोघांचीही नजर एकदमच खाली गेली.

"थांब," मी म्हणाले. "आधी गोधडी टाकू दे."

कोपऱ्यात जुन्या लुगड्यांची जाड गोधडी होती. मी एक टोक धरलं. दुसरं त्यानं धरलं. आम्ही दोघांनी ती टीपॉयवर नीट पसरली, कोपरे झाकले, त्यानं एक सुरकुतीसुद्धा काढली. मग मी पोळपाट त्याच्या डोक्यात घातला.

तेव्हापासून ती रीतच झाली. भांडण चढायला लागलं की आधी गोधडी. गोधडी पडेपर्यंत मी त्याला अहो म्हणायचे, पडली की अरे. शेजारीण सांगायची, तुमच्याकडं गोधडी झटकल्याचा आवाज आला की मी माझ्या पोरांना आत घेते. कधी एकाला राग आलेला असायचा आणि दुसरा गोधडीचं टोक धरायला येतच नसे. मग एकट्यानं ती पसरताना फार मूर्ख वाटायचं.

गोधडीनं मारामारी कमी झाली, असं कुणाला वाटलं तर वाटो. मलाही वाटलं होतं. ती कमी झाली नाही, सरकली. काचेपासून लांब, मोरीत गेली. मोरीत खाली फरशी ओली, भिंत जवळ, पळायला जागा नाही. खोलीत तो एक मारायचा तिथं मोरीत चार बसायच्या. एकदा त्यानं माझं डोकं नळावर आपटलं. डोळ्यांपुढं पिवळं झालं. मी खाली पडले आणि हाताला कपडे धुवायचं धोपाटणं लागलं. मी बसल्या बसल्याच ते वर फिरवलं. त्याचा पुढचा दात तुटून बादलीत पडला. बादलीत त्याचाच शर्ट भिजत होता, ते पाणी हळूहळू लाल झालं. आम्ही दोघं भिंतीला टेकून त्या बादलीकडं बघत बसलो. त्याच्या तोंडातून रक्त, माझ्या कानामागून रक्त.

"काच?" त्यानं विचारलं. दात नसल्यामुळं शब्दाऐवजी वाराच आला.

मी उठून पाहून आले. "आहे," मी म्हणाले.

"बरं," तो म्हणाला.

त्या दिवशी मला आम्ही जिंकतोय असं वाटलं होतं. एवढी मूर्ख बाई मी पुन्हा पाहिली नाही.

रोज सकाळी मी काच पुसायचे. पोरीच्या तोंडावर कापूस जसा फिरवतात तसं फोटोच्या वर हळू फडकं फिरवायचे. आम्ही दोन-तीनदा चलथाणला भेटायला गेलो. ती समोर यायची, नमस्कार करायची, आत जायची. भुवईवर खूण राहिली होती, तिथं केस उगवत नव्हते. परत येताना एकदा धोट्यावरून भांडण झालं. त्या आखाजीपासून धोटा घरात दिसला नव्हता. मी म्हणाले, तू लपवलास. तो म्हणाला, तू. गोडादऱ्यापर्यंत भांडलो, घरी येऊन गोधडी टाकली.

मग आखाजी आली. बारा महिने झाले होते आणि काच जशीच्या तशी होती.

मी पहाटेपासून कामाला लागले. खोली पांढऱ्या चुन्यानं रंगवली होती. मोरपिसं नवी आणली. काच व्हिनेगरनं पुसली, शेठाणीकडं ऐकलं होतं तसं. काचेच्या बांगड्या भरल्या, डझनभर, हिरव्या. लांब बाह्यांचं पोलकं घातलं, उन्हाळ्यात. नवऱ्यानं दाढी केली आणि तोंड मिटून हसायची सवय करून घेतली. झोका बांधला.

आक्का आणि पोर दुपारी आल्या. पोर दहा वर्षांची, पण वीतभर उंच झालेली. तिच्या पाठीवर शाळेचं दप्तर. सुट्टीत दप्तर कशाला, असं माझ्या मनात आलं, पण आनंदात राहून गेलं.

आक्कानं खाली वाकून टिकली पाहिली. नखानं खरवडून पाहिली. बोटानं काचेची कड चारी बाजूंनी चाचपली. मग उठली.

"टिकी गयी व माय," ती म्हणाली. तिला खरंच नवल वाटलं होतं. "शाब्बास."

मी रडायला लागले. नवरा दार धरून उभा होता, तोही. पोर टीपॉयजवळ उकिडवी बसली आणि काचेतून खाली बघू लागली.

"हा जुना फोटो आहे," ती म्हणाली. "ह्यात लागलेलं नाही."

"तुझा चांगला आलाय तो," मी म्हणाले.

"आणि ही गोधडी इथं का आहे?"

गोधडी घडी करून टीपॉयखाली ठेवलेली होती. मी ती आत ढकलायची विसरले होते. मी काही जुळवायच्या आधीच नवरा म्हणाला, "काचेवर टाकतो आम्ही. फुटू नये म्हणून."

"कधी टाकता?"

तिनं बापाच्या तोंडाकडं पाहिलं, तुटलेल्या दाताकडं. मग उठून माझ्याकडं आली, माझा हात धरला आणि पोलक्याची बाही वर सरकवली. चार बोटांचे डाग होते, पिवळे पडलेले, आणि त्यांच्या वर ताजे. बांगड्या खळखळल्या.

"म्हणजे मला झाकता," ती म्हणाली, "आणि मग मारता."

तिचा आवाज चढला नव्हता. आमच्या घरात इतक्या हळू कधी कुणी बोललं नव्हतं. तिनं दप्तर काढलं, आत हात घातला आणि धोटा बाहेर काढला. वर्षभर तो तिच्याजवळ होता. आक्कालाही माहीत नव्हतं.

पोरीनं लोखंडी चोच खाली धरली, दोन्ही हातांनी धोटा डोक्याच्या वर नेला आणि काचेवर मारला. पहिल्या फटक्याला नुसता पांढरा डाग उठला. दुसऱ्याला चर्र झालं. तिसऱ्याला आठ एमएम काच मधोमध फुटली आणि मोठमोठ्या सुऱ्यांसारखी खाली आली. एक तुकडा तिच्या पावलापाशी गोधडीत उभा रुतला. ती अनवाणी होती. तिनं आणखी मारलं. तबकडीवर, फोटोवर, लोखंडावर. ठणठण आवाज बाहेर झोक्यापर्यंत गेला. श्वास लागला तेव्हा थांबली.

नवरा काचा तुडवत गेला आणि त्यानं तिला काखेत धरून उचललं, उंबऱ्यावर नेऊन ठेवलं. त्याच्या तळव्यांतून रक्त निघत होतं.

आणि मी? मी काय केलं ते सांगायलाच हे सगळं लिहितेय. माझा हात वर गेला होता. मारायला. मी मारलं नाही, पण हात खांद्याच्या वर होता, पंजा उघडा, आणि पोर उंबऱ्यावरून तो बघत होती. जसं ती त्या दिवशी हाताला रक्त लागल्यावर बघत होती, तसंच. ती घाबरली नाही. तिला हवं ते उत्तर मिळाल्यासारखी दिसली.

"मावशी, चल," ती म्हणाली.

मांडे तसेच राहिले.

त्यानंतर दोन वर्षं ती आली नाही. टीपॉयचा डमरू तसाच मधोमध उभा होता, काचेविना. फोटोला भोक पडलं होतं, पण मी तो तिथंच ठेवला. पुढचं भांडण झालं तेव्हा नवरा सवयीनं गोधडी घेऊन आला आणि ती हातात धरून उभा राहिला. टाकायची कशावर? मी दुसरं टोक धरलेलं. आम्ही बराच वेळ तसे उभे होतो. त्या दिवशी मारामारी झाली नाही, असं लिहिलं तर छान दिसलं असतं. झाली. पण मी शेजारणीला जाऊन सांगितलं, की धोटा मी फेकला होता. ती म्हणाली, "आम्हाला माहीत आहे ना. त्याचा नेम कुठं आहे?"

पोर परत आली ती तिच्या मनानं, सातवी झाल्यावर. तिनं कुठली अट घातली नाही, मीही कुठली काच दाखवली नाही. ती माझ्याएवढी उंच झाली होती आणि उसाच्या मोळ्या उचलून तिचे दंड माझ्यापेक्षा घट्ट झाले होते. मी मारलं असतं तर तिनं मारलं असतं, म्हणून मी मारलं नाही. बाप मला मारायला उठला की ती नुसती उठून मोरीच्या दारात उभी राहायची. तोही हळूहळू बसायला शिकला. ह्याला कुणी सुधारणा म्हणत असेल तर म्हणो. मी म्हणत नाही.

आता ती कामरेजला राहते. मोठा हॉल आहे तिचा, मधोमध काचेचा टीपॉय. तिनं तो एकटीनं जाऊन निवडला, मला विचारलं नाही. कोपरे गोल करून घेतलेत. मी पहिल्यांदा गेले तेव्हा ती आतून एक पातळ गोधडी घेऊन आली आणि टीपॉयवर पसरली.

"हे काय गं?" मी विचारलं.

"तू आलीस ना," ती म्हणाली. माझी नात खो खो हसली. तिला वाटलं, गंमत आहे.

दर खेपेला ती असंच करते. मी कधी दुसरं टोक धरायला पुढं होते. ती म्हणते, "बस तू, मी टाकते." मग मी चहाचा कप गोधडीवर ठेवते. त्याचा आवाज येत नाही.